मक्केला पाठवलेले बूट

मागच्या रविवारी तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तुम्हा दोघांत वाद चालला आहे: आजी सौदी अरेबियात डॉक्टर होती की नर्स? दोन्ही नाही. मी फिजिओथेरपिस्ट होते. हाडं, सांधे, स्नायू आणि लहान मुलांची पावलं हे माझं काम. तिथल्या बायका मला ‘दक्तूरा’, म्हणजे डॉक्टरीणबाई, म्हणत. सुरुवातीला मी दर वेळी दुरुस्ती करत असे, पुढे कंटाळून सोडून दिली. पण तुम्हाला तरी खरं काय ते माहीत असावं. आणि विषय निघालाच आहे तर एका बाळाबद्दलही लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही लवकर वाचलं असतं, हे मला ठाऊक आहे. पण यात एक झोळी आहे आणि ती मला इंग्रजीत सांगता येत नाही. सावकाश वाचा. अडलात तर आईला विचारा. ती स्वतः झोळीत झोपून मोठी झाली आहे.

आम्ही जेद्दाला राहत होतो. आजोबा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पावर इंजिनिअर होते आणि मी एका खाजगी क्लिनिकमध्ये. तुमची आई तेव्हा पुण्यात हॉस्टेलवर होती, घरात आम्ही दोघंच. त्या काळी तिथे आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असे. पहिलं वर्ष आम्ही गुरुवारी भाजी आणणं, इस्त्री करणं आणि भारतात फोन लावणं यात घालवलं. मग आमच्या क्लिनिकमधल्या एका नर्सने मला गुरुवारच्या दवाखान्यात ओढून नेलं.

ही नर्स रत्नागिरीकडची, कोकणी मुसलमान. माझ्याहून बरीच लहान. जेद्दात मराठी ऐकायला मिळावी म्हणून मी तिच्या मागे असायचे, की ती माझ्या, ते आता सांगता येणार नाही. ती मला ताई म्हणायची. रागावली की मॅडम.

शहराच्या दक्षिणेला, बंदराच्या पलीकडे, बर्मावी लोकांची दाट वस्ती होती. बर्मावी म्हणजे ब्रह्मदेशातल्या आराकान भागातून जीव वाचवून आलेले मुसलमान. आज तुम्ही बातम्यांत रोहिंग्या हा शब्द ऐकता, ते हेच. तेव्हा तो शब्द आमच्या कानावर फारसा आला नव्हता. कुणाचे आजोबा आले होते, कुणी कराचीत काही वर्षं काढून हजच्या निमित्ताने येऊन राहिलं होतं. तिथे राहायचं तर इकामा लागतो, म्हणजे परवान्याचं कार्ड. ते ज्याच्याकडे नाही त्याच्या मुलांना सरकारी दवाखान्याचं दार बंद, शाळेचंही. अशा मुलांसाठी एका धर्मादाय संस्थेने जुन्या घराच्या तळमजल्यावर दर गुरुवारी सकाळी फुकट दवाखाना चालवला होता. खोकला, जुलाब, खरूज, वाहणारे कान, क्वचित भाजलेलं. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आत दोन खोल्या. मागच्या खोलीत मोरी होती, म्हणून प्लॅस्टरचं काम तिथे, आणि म्हणून ती खोली माझी.

तिथे एका गुरुवारी एक अगदी कोवळी आई आपलं बाळ घेऊन आली. बरोबर सासू. बाळाच्या कपाळावर एका बाजूला काजळाची मोठी तीट, अगदी आपण लावतो तिथेच. मुलगी होती, जेमतेम महिन्याची. आईने दुपटं उघडलं. बाळाची दोन्ही पावलं घोट्यातून आत वळून वर उचललेली होती आणि तळवे एकमेकांकडे तोंड करून होते, नमस्कारात हात जोडावेत तसे.

“गरहन में इसने छुरी पकड़ी थी,” सासू म्हणाली. तिची बरीच वर्षं कराचीत गेली होती, त्यामुळे तिची उर्दू चांगली होती. “मैंने मना किया था. आज की लड़कियाँ सुनती कहाँ हैं.”

“छुरी नहीं पकड़ती तो खाला, तुम्हारा सालन कौन पकाता?” आमची नर्स म्हणाली.

सूनबाई मान खाली घालून हसली आणि सासूने तिच्याकडे पाहिल्यावर लगेच गंभीर झाली. ग्रहणात गरोदर बाईने सुरी धरायची नाही, हे मी माझ्या आईकडून ऐकलं होतं. त्यामुळे त्या म्हातारीशी वाद घालायला माझी जीभ उचलेना. मी एवढंच म्हटलं, “पावलं सरळ होतील. पण मी सांगेन ते सगळं करावं लागेल, आणि फार दिवस करावं लागेल.”

आईने पहिल्यांदा वर पाहिलं. “चलेगी?”

“चलेगी,” मी म्हणाले.

हे मी इतकं ठाम म्हणायला नको होतं असं नाही. पद्धत चांगली होती आणि मला येत होती. दर आठवड्याला पाऊल हाताने हळूहळू बाहेर वळवायचं, थोडंसंच, आणि तिथेच मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचं. पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडं. तान्ह्या बाळाचं पाऊल ओल्या मातीसारखं ऐकतं. शेवटी टाचेमागची ताठ शीर सैल करायला एक अगदी छोटा छेद लागतो. तो आमच्या क्लिनिकमधल्या हाडांच्या डॉक्टरांनी, एका भल्या इजिप्शियन गृहस्थांनी, येऊन दिला आणि चहासुद्धा न घेता गेले. काही आठवड्यांत दोन्ही तळवे जमिनीकडे पाहू लागले. सासूने अंगणातल्या सगळ्या बायकांना दुपटं उघडून पाय दाखवले, आणि लगेच दृष्ट लागेल म्हणून झाकून टाकले.

पण एवढ्याने भागत नाही. असं पाऊल पुन्हा आत वळायला टपलेलं असतं. त्याला धरून ठेवायला खास बूट लागतात: दोन छोटे बूट, बाहेरच्या बाजूला वळवलेले, आणि दोघांना जोडणारी बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी आडवी पट्टी. पहिले काही महिने ते दिवसरात्र घालायचे, मग फक्त झोपेत, मूल चार वर्षांचं होईपर्यंत. ते विकत मिळत, पण या लोकांना परवडणारे नव्हते. मग मी बलदच्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, बाजारातून घोट्यापर्यंतचे लहान मुलांचे बूट आणले आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवले.

“मी काय चांभार आहे का?” ते म्हणाले.

“तुमच्याकडे ड्रिल आहे.”

“प्रकल्पावर पंप बंद पडलेत, आणि हिला बूट हवेत.”

पण त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी कापली, कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या आणि स्क्रूची डोकी आतल्या बाजूला येणार नाहीत याची काळजी घेतली. बूट इतके देखणे झाले की ते दोन दिवस आमच्या टीव्हीवर मांडलेले होते.

दिवसरात्रीचे महिने चांगले गेले. मग मी आईला सांगितलं, आता दिवसा पाय मोकळे, बूट फक्त झोपताना; रात्री गादीवर उताणं झोपवायचं. तिने मान डोलावली. मी ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. आपल्याला वाटतं, माणसाने वाक्य परत म्हणून दाखवलं की काम झालं.

त्यानंतर दोन-तीन गुरुवार ती आलीच नाही. आली तेव्हा मी दुपटं उघडलं आणि उजवं पाऊल हातात घेतल्याबरोबर मला कळलं. ते माझ्या हाताविरुद्ध आत जात होतं. डावंही, थोडं कमी.

“बूट घालतेस ना?”

“रोज़, दक्तूरा.”

रोज रात्रभर बूट घातलेल्या पायावर बुटांच्या बंदांचे हलके वळ दिसतात. इथे कातडी लोण्यासारखी मऊ, एकही खूण नाही. मी नर्सकडे पाहिलं. तिलाही ते दिसलं होतं.

“झूठ मत बोल,” ती आईला म्हणाली. “पैर बोलता है.”

“रोज़ पहनाती हूँ. अल्लाह क़सम.” तिचे डोळे भरून आले, पण ती हटली नाही.

सासू मध्ये पडली. “मैं गवाह हूँ. पहनाती है.”

“मॅडम, चला आता,” नर्स मराठीत म्हणाली, म्हणजे ती चिडली होती. “दोघी मिळून तोंडावर खोटं बोलतायत. त्या बूटवाल्या साहेबांना जाऊन काय सांगणार?”

पण मला ते खोटं वाटेना. खोटं बोलणारी बाई एवढ्या लांब, भर उन्हात, बाळाला घेऊन आपला खोटेपणा तपासून घ्यायला येत नाही. मी म्हटलं, “आम्ही तुझ्या घरी येतो. आजच.” सासूचा चेहरा उतरला. परकी माणसं गल्लीत आली की चर्चा होते, आणि इकामा नसलेल्या घराला चर्चा नको असते. मग नर्स म्हणाली की आम्ही दोघी अबाया घालून, तोंड झाकून येऊ, तुमच्या पाहुण्या म्हणून. आजोबा गाडी मोठ्या रस्त्यावर लावून बसले. गल्लीत गाडी शिरण्यासारखी नव्हतीच.

एकच खोली. खिडकीत थरथरणारा एसी, भिंतीशी गुंडाळून ठेवलेल्या वळकट्या, एका कोपऱ्यात शेगडी. आणि मधोमध, छताच्या हुकाला दोन्ही टोकांनी दोरीने बांधलेली, जुन्या लुंगीची झोळी.

मी दारातच थांबले. मी या बाईकडून तीनदा वदवून घेतलं होतं, गादीवर झोपवायचं. मी सांगली-कराडकडची. माझ्या सासूबाईंच्या नऊवारीच्या झोळीत मी तुमच्या आईला झोपवलं. तरी बाळ कुठे झोपतं हे विचारायचं माझ्या मनात आलं नाही, कारण माझ्या डोक्यात क्लिनिकमधली पाळण्यासारखी खाट होती.

“गद्दी पर क्यों नहीं?” मी विचारलं.

आईने उत्तर देण्याऐवजी आपल्या मोठ्या मुलाला पुढे ओढलं आणि त्याच्या पायाचा अंगठा दाखवला. तिथे जुना, वेडावाकडा व्रण होता. उंदीर. शिवाय रात्री जमिनीवर इतकी माणसं झोपत की बाळाचा बाप बंदरावरच्या हमालीवरून उशिरा आला की अंधारात पाय टाकायला जागा नसे. बाळ सुरक्षित राहील अशी त्या खोलीत एकच जागा होती, आणि ती हवेत होती.

“आता बूट घालून झोपव, मी बघते,” मी म्हणाले.

तिने बूट घातले आणि बाळाला झोळीत ठेवलं. झोळीचं कापड वजनाने मिटलं, पट्टी आडवी बसेना, उभी झाली, एक पाय वर आणि एक खाली. बाळाने जो टाहो फोडला तो भिंतीपलीकडच्या बाईने ऐकला. तिने भिंतीवर थाप मारली. आईने घाईने बूट काढले. बाळ गप्प.

मग तिने समजावून सांगितलं, मलाच, जशी मी तिला सांगत असे तशी सावकाश. मूल तान्हं होतं तोवर ती बूट घातलेल्या बाळाला रात्रभर मांडीवर घेऊन बसे; आता ते जड झालं होतं, आणि झोळीत बूट घातले की ओरडतं. मूल ओरडलं की शेजारी उठतात, उद्या कुणी तक्रार केली तर? म्हणून तिने रात्रीचे तास दिवसावर घेतले होते. रात्री जितका वेळ झोपते तितका वेळ दिवसा बूट. “उतने ही घंटे, दक्तूरा. कम नहीं किए.” दिवसा मूल जागं असतं, रांगायला बघतं, लाथा मारतं, बूट ओढून काढतं, ती परत घालते. तिने काहीही लपवलं नव्हतं. बूट घालतेस का, एवढंच आम्ही विचारलं होतं; कधी, ते विचारलं नव्हतं.

नर्स ओढणीने तोंड पुसत म्हणाली, “आता काय म्हणायचं हिला, ताई?” मॅडमची पुन्हा ताई झाली.

मी झोळीखाली बसले. आमच्याकडे झोळीच्या तोंडाशी एक आडवी काठी घालतात, कापड बाळाच्या तोंडावर मिटू नये म्हणून. एक डोक्याशी आणि एक पायाशी अशा दोन काठ्या घातल्या तर कापड पसरट राहील आणि पट्टी आडवी मावेल. कोपऱ्यात झाडूचा मोडलेला दांडा होता. नर्सने तो गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले, मी कापडाच्या दोन्ही टोकांना आत गुंडाळून बांधले. झोळी उघडली. लांबट, सपाट, दोन्ही टोकांना लाकूड.

सासू उठून उभी राहिली.

“निकालो इसको.”

“खाला, बच्ची के लिए...”

“निकालो! जनाज़ा लगता है.”

मी झोळीकडे पाहिलं आणि मलाही तेच दिसलं. लाकडं, मध्ये ताणलेलं कापड. आपल्याकडची तिरडी काही वेगळी नसते. सूनबाई बाळाला छातीशी धरून मागे सरकली. इतका वेळ ती माझ्या बाजूची होती, आता नव्हती. त्या क्षणी मला वाटलं, हे पाऊल गेलं. मी अस्थिशास्त्र सांगू शकले असते, तासांचं गणित सांगू शकले असते. पण सपाट कापडावर आपलं नातवंड निजवायला एखादी आजी तयार नसेल तर तिला काय सांगणार? मीही तयार झाले नसते.

नर्सने झोळीला हाताने हलकेच झोका दिला. “खाला, लकड़ी तो डोली में भी होती है. दुल्हन जाती है उसमें.”

“हमारे यहाँ डोली नहीं होती.”

“फिर तुम कैसे गई ससुराल? पैदल?”

“नाव में,” म्हातारी म्हणाली. “नदी थी. सब नाव में जाती थीं.”

“नाव में बीच में आड़ी लकड़ी होती है कि नहीं? बैठने की?”

“होती है.”

“तो ये नाव है.”

म्हातारीने झोळीच्या कडेला हात लावला. कापड दोन्ही टोकांना वर उचललेलं होतं, मध्ये खोलगट. आणि खरं म्हणजे ते होडीसारखंच दिसत होतं, एकदा कुणी म्हटल्यावर. तिने सुनेला आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं. सून हसू दाबत होती. मी नर्सला विचारलं तर ती म्हणाली, “मलाही नीट कळलं नाही. पण वाटतं म्हणतेय, माझी नाव गळकी होती.”

बूट घातले, बाळ झोळीत ठेवलं, पट्टी काठीला समांतर बसली. बाळाने छताकडे पाहिलं, एक हुंदका दिला, आणि झोका सुरू झाल्यावर डोळे मिटले. भिंतीपलीकडून थाप आली नाही.

पावलं मागे गेली होती, त्यामुळे पुन्हा काही आठवडे प्लॅस्टर घालावं लागलं. मग पुन्हा बूट, झोपेत, होडीत. या वेळी पायांवर बंदांचे वळ दिसू लागले आणि मी ते पाहून खूश होत असे, हे बाहेरच्या कुणाला चमत्कारिक वाटलं असतं.

मुलगी धरून उभी राहू लागली त्या सुमारास वस्तीत तपासणी वाढली. एका गुरुवारी ती आली नाही, पुढच्याही नाही. नर्स चौकशी करून आली. खोलीला कुलूप होतं. सगळं कुटुंब मक्केला गेलं होतं, तिकडे त्यांची माणसं जास्त होती.

नकाशात पाहाल तर जेद्दाहून मक्का म्हणजे गाडीने तासाभराचीही वाट नाही. पण मक्का मुसलमानांसाठीच आहे. शहराच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटतो, वर पाटी असते, आणि आमच्यासारख्यांनी बाहेरच्या रस्त्याने वळून तायफकडे जायचं. आम्ही थंड हवेसाठी तायफला जाताना तो फाटा कितीदा घेतला होता. मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. दुसऱ्याच्या देवघरात आपणही न विचारता जात नाही. पण त्यानंतर आम्ही तिथून वळलो की मी डोक्यात हिशोब करायचे, आता तिचं पाऊल केवढं झालं असेल. लहान मुलांचे बूट काही महिन्यांत आखूड पडतात. बूट आखूड झाले की बोटं चेपतात, मूल रडतं, आई बूट काढते, पाऊल आत वळतं. मी तिला सांगितलं होतं, चालेल.

“मी उमऱ्याला जातेच आहे,” नर्स म्हणाली. उमरा म्हणजे हजखेरीज वर्षात कधीही करता येणारी मक्केची यात्रा. “शोधते.”

“मक्केत कुठे शोधणार? ना पत्ता, ना फोन.”

“बघू तर.”

तिने मक्केतल्या बर्मावी वस्तीत जाऊन कुणाचं नाव विचारलंच नाही. तिने विचारलं, पट्टीवाल्या बुटांची मुलगी कुठे राहते? तिसऱ्या गल्लीत एका पोरीने तिला हाताला धरून नेलं. झोळी वर टांगलेली होती, काठ्यांसकट. सासूने नव्या शेजारणींना सांगून ठेवलं होतं की ही नाव आहे. बूट मात्र पुढून कापलेले होते आणि बोटं बाहेर आली होती. आईने ते फेकण्याऐवजी ब्लेडने कापून मोठे केले होते.

नर्स परत आली ती एका पिशवीच्या कागदावर दोन पावलांची बाह्यरेषा काढून घेऊन. आम्ही त्या मापाचे बूट आणले, आजोबांनी भोकं पाडली, आणि पुढच्या खेपेला ते गेले. मग हाच क्रम झाला. उमरा, कागद, बूट, उमरा.

“माझ्या प्रत्येक उमऱ्यात अर्धा सवाब तुमच्या बुटांचा,” नर्स म्हणायची. सवाब म्हणजे पुण्य.

“आणि माझ्या ड्रिलचा?” आजोबा.

“ड्रिलला पाव.”

“बघ, माझं ड्रिल मक्केला पोचलं,” आजोबा मला म्हणायचे, “आणि आपण तायफलाच.”

कागदावरच्या पावलाचा आकार चांगला दिसे. पण कागदावर पाऊल कुणीही दाबून सरळ धरू शकतं. मूल चालताना ते कसं पडतं, हे मला हवं होतं, आणि ते मला पाहता येणार नव्हतं. नर्सला मी विचारायचे, ती सांगायची, “छान चालते, ताई.” ती नर्स फार हुशार होती, पण चाल पाहायला डोळा वेगळा लागतो, आणि तिला मला दुखवायचं नसे.

आमचं भारतात परतायचं ठरलं. त्याआधीच्या शेवटच्या खेपेला मी तिला म्हटलं, या वेळी साध्या चपला ने, बाहेर घालायच्या. नव्या दे आणि जुन्या घेऊन ये.

“जुन्या चपला? कशाला?”

“आण तर.”

ती आली ती दमलेली. चपला प्लॅस्टिकच्या, एके काळी गुलाबी असाव्यात. “देईना, ताई! नव्या घातल्या आणि जुन्या छातीशी धरून पळाली गल्लीतून. मी अबाया सावरत मागे, तिची आजी ओरडतेय, सगळी गल्ली हसतेय. कोपऱ्यावर पकडली. शेवटी दोन चॉकलेटं घेतली तेव्हा सोडल्या.”

मी चपला जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवून उलट्या केल्या. आजोबा चष्मा लावून शेजारी उभे राहिले. वळलेलं पाऊल पुढच्या बाजूच्या बाहेरच्या कडेवर पडतं. तिथे तळ घासून जातो आणि टाच कोरी राहते. या चपलांच्या टाचा झिजून पातळ झाल्या होत्या. पुढे, अंगठ्याखाली, दोन्हींना खळगा पडला होता.

“पण इथे बघ,” आजोबा म्हणाले. त्यांनी बोट ठेवलं ते टाचेच्या बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यावर. तो बाकीच्या टाचेहून जास्त झिजला होता. “इथे बाहेरून गेलीय. वाकडं पडतंय ना?”

मी उठले, दाराशी गेले आणि त्यांची रोजची सँडल आणून त्या चपलांशेजारी उलटी ठेवली. मग माझी. त्यांनी वाकून तिन्ही पाहिल्या. टाचेचा तोच कोपरा, तीच तिरकी झीज.

“अरे,” ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.